दात नाही तिथे खूण नाही: बांधावरच्या एका चाव्याचं प्रकरण

बेळगावच्या पश्चिमेकडच्या भातपट्ट्यातलं हे प्रकरण आहे. दोन भावांची वाटणी होऊन बरीच वर्षं झालेली. उतारे वेगळे, चुली वेगळ्या, पण दोन खाचरांमधला बांध मात्र अजून दोघांचाही होता. थोरल्यानं बांध कोरून हातभर आत घेतला, ही धाकट्याची तक्रार. पावसानं ढासळला तो, हे थोरल्याचं उत्तर. सुगीत कापणीच्या वेळी हा वाद दरवर्षी उकरून निघायचा. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास धाकट्याची बायको शेतात एकटी होती. थोरले दीर आणि जाऊ तिथे आले, शब्दाला शब्द लागला आणि झटापट झाली. तिच्या डाव्या हाताला कोपराच्या चार बोटं खाली, बाहेरच्या अंगाला चाव्याची खूण उमटली.

तिचं म्हणणं, दीर चावले. दिरांचं म्हणणं, तीच विळा घेऊन अंगावर आली, मी ढकलून बाजूला झालो; चावा तिनं घरी जाऊन स्वतःच घेतला. जाऊ म्हणे, मी मधे पडले होते, पण मी कुणाला हातही लावला नाही.

(ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही तपशील बदलले आहेत. दातांचे आणि खुणेचे तपशील बदललेले नाहीत, कारण मग लिहिण्यात अर्थ राहत नाही.)

मी दंतवैद्य. पोलिसांनी मला पाठवलेल्या पत्रातला प्रश्न एका ओळीचा होता: हा चावा कुणाचा? दंतवैद्याला असा प्रश्न आला की आधी त्याचे तुकडे पाडावे लागतात. खूण माणसाच्या दातांची आहे का? जखमीला ती स्वतः करता आली असती का? आणि ज्यांची नावं घेतली जात आहेत, त्यांच्यापैकी कोणाला नक्की वगळता येतं? या तिन्हींची उत्तरं देता येतात, निदान देण्याचा प्रयत्न करता येतो. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र चाव्याच्या खुणेतून निघेलच असं नाही, आणि पोलिसांना नेमकं तेच हवं असतं.

पहिल्या प्रश्नाला वेळ लागला नाही. कुत्र्याला वरखाली सहा-सहा पटाशीचे दात असतात, जबडा अरुंद आणि लांब असतो, सुळे खोल रुततात आणि कातडी फाटते. इथे समोरासमोर दोन कमानी होत्या, प्रत्येकीत मधे चपट्या खुणा, कडेला ठिपक्यासारख्या, आणि दोन्हींच्या मधे रक्त साकळून काळंनिळं झालेलं. खूण माणसाची होती आणि मोठ्या माणसाची होती. वरच्या दोन सुळ्यांमधलं अंतर तीन सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर लहान मुलाचा विचार करावा लागतो. इथे ते 34 मिलिमीटर होतं.

हळद, स्पिरिट आणि साडेअठरा तास

ती माझ्यासमोर आली दुसऱ्या दिवशी साडेअकराला. म्हणजे साडेअठरा तास उलटून गेले होते आणि तेवढ्यात त्या हाताचं बरंच काही होऊन गेलं होतं. घरी सासूनं गोड्या तेलात कालवून हळद लावली होती. "हळद लावली की मॅडम, नाहीतर पू धरतंय म्हणून," हे तिनं इतक्या सहज सांगितलं की रागवावं कुणावर हेच कळेना. रात्री पोलिस ठाण्यात तक्रार, तिथून दवाखान्यात. तिथे स्पिरिटनं पुसून वर पोविडोन आयोडीन, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिकच्या गोळ्या. दवाखान्यात झालं ते योग्यच झालं. माणसाच्या तोंडातले जंतू कुत्र्याच्या तोंडातल्यांपेक्षा सौम्य असतात असा एक समज आपल्याकडे आहे, तो चुकीचा आहे. कातडी फाटली असेल तर उपचार आधी, पुरावा नंतर. फक्त पुसण्यापूर्वी मोबाइलवर का होईना, शेजारी पट्टी धरून दोन फोटो काढून ठेवले असते तर पुढचं अर्धं काम सोपं झालं असतं.

हळदीनं एक गंमत केली. मुक्या माराभोवती पिवळी छटा दिसली तर तो मार साधारण अठरा तासांपेक्षा जुना असावा, असं न्यायवैद्यकात धरतात. माराच्या रंगावरून वय सांगण्याच्या बाबतीत भरवशाचं म्हणावं असं बहुधा तेवढंच. इथे नेमक्या त्या सीमेवरचा मार, आणि भोवती सगळं पिवळंच. शिवाय हळद निळ्या किंवा अतिनील प्रकाशात स्वतःच चमकते, त्यामुळे खास दिव्याखाली कातडीच्या आतला मार टिपायची सोयही गेली. माराच्या वयाबद्दल मी अहवालात काहीच लिहिलं नाही.

मापाच्या आधी

आमच्या बोलीत दाताचं "माप घेणं" हा शब्द रोजचा आहे. चाव्याच्या खुणेचंही मापच घेतात, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. आधी फोटो, मग लाळेचे नमुने, मग माप. कारण मापासाठी पातळ सिलिकॉन एकदा कातडीवर ओतलं की सुकलेली लाळ त्याच्याबरोबर निघून येते, खपली निघू शकते आणि खूण पूर्वीसारखी राहत नाही.

फोटोसाठी काटकोनी पट्टी वापरली, ती अमेरिकेतल्या न्यायवैद्यक दंततज्ज्ञांच्या मंडळाची, एबीएफओ क्रमांक 2 या नावानं ओळखली जाणारी. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणांबरोबर काही वर्तुळं छापलेली असतात. कॅमेरा जरा तिरका झाला की फोटोत वर्तुळाचं अंड्यासारखं होतं आणि चूक तिथल्या तिथे कळते. पट्टी खुणेच्याच पातळीवर धरायची, वर उचलून नाही आणि कातडीत दाबूनही नाही. हात गोल असल्यामुळे दोन्ही कमानी एका पातळीत येत नाहीत. त्यामुळे एक फोटो दोन्ही कमानींचा, मग प्रत्येक कमानीवर कॅमेरा सरळ रोखून वेगळे, पट्टीसह आणि पट्टीशिवाय. पुढचे तीन दिवस तिला रोज यायला सांगितलं, कारण सूज उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खूण कधी कधी जास्त स्पष्ट होते. सुगी टाकून ती आली, हे विशेष.

लाळेसाठी दोन बोळ्यांची पद्धत. पहिला कापसाचा बोळा निर्जंतुक पाण्यात भिजवून खुणेवर गोलाकार फिरवायचा. त्यानं सुकलेले पेशी-कण सुटतात. लगेच त्याच जागी दुसरा कोरडा बोळा, तो उरलेला ओलावा टिपून घेतो. दोन्ही हवेवर वाळवून कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना कुजतो. तुलनेसाठी दुसऱ्या हातावरूनही एक नमुना. हळद, तेल, स्पिरिट, आयोडीन यांतून काही वाचलं असेल अशी फारशी आशा नव्हती, पण धुतलेल्या कातडीवरूनही कधी कधी डीएनए मिळतो, म्हणून सोडायचं नाही. या प्रकरणात प्रयोगशाळेला तिच्या स्वतःच्या डीएनएशिवाय काही सापडलं नाही.

संमतीपत्र छापील कन्नडमध्ये होतं. तिला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्याकडे हे रोजचंच, आणि सहसा "इथं सही करा" म्हणून भागवलं जातं. मी मराठीत हातानं लिहून दुसरा कागद केला: काय लावणार, किती वेळ, फोटो कुठे जातील, नाही म्हणायची मुभा आहे. तिनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "फोटोत तोंड येतंय काय?" तोंड येणार नव्हतं. मग सही झाली.

माप

जिवंत माणसाच्या कातडीवरचे दातांचे खड्डे फार काळ टिकत नाहीत. काही मिनिटांपासून काही तासांत कातडी पूर्ववत होते, मागे राहतो तो रंग. रंगाचं माप घेता येत नाही. म्हणून साडेअठरा तासांनी माप घ्यावं का, हा प्रश्न खराच होता. मी घ्यायचं ठरवलं, त्याला दोन कारणं. वरच्या कमानीत दोन ठिकाणी आणि खालच्या कमानीत ओळीनं चार ठिकाणी कातडी खरवडली गेली होती आणि त्यावर पातळ खपल्या धरल्या होत्या; तिथे बोटाला उंचसखलपणा लागत होता. दुसरं कारण हाताच्या गोलाईचं. फोटो सपाट असतो. माप घेतलं की गोलाई तशीच राहते.

हात कसा ठेवायचा, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. कातडी हाडावर घट्ट बसलेली नसते; कोपर वाकवलं, मनगट फिरवलं की ती सरकते आणि तिच्यावरची खूणही ताणली किंवा आवळली जाते. म्हणून तिला विचारलं, चावताना हात कसा होता. "भावजी असे अंगावर आले, मी हात असा आडवा धरला," म्हणून तिनं डावा हात छातीसमोर आडवा केला, कोपर वाकवून, अंगठा वर. त्याच स्थितीत उशीवर हात टेकवला आणि माप तसंच घेतलं. नंतर हात सरळ करूनही एक माप घेतलं. दोन्हींतल्या वरच्या कमानीच्या रुंदीत दोन मिलिमीटरचा फरक पडला. खूण तीच, हात तोच, मिनिटं वीस. चाव्याच्या खुणेवरून दशांश मिलिमीटरच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा स्वतःवर करून पाहावा.

साहित्य म्हणजे दवाखान्यात कॅप-ब्रिजसाठी वापरतो तेच, अ‍ॅडिशन सिलिकॉन, लाइट बॉडी म्हणजे पातळ प्रकारातलं. हातमोजे मात्र लॅटेक्सचे चालत नाहीत. लॅटेक्समधल्या गंधकामुळे हे सिलिकॉन नीट घट्ट होत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो आणि बारकावे जातात. व्हिनाइलचे मोजे घातले. गनमधून पातळ सिलिकॉन खुणेच्या एका कडेनं सोडत दुसऱ्या कडेकडे नेलं, म्हणजे हवा अडकत नाही. खुणेच्या भोवती दोन बोटं जास्त. बोटानं किंवा पट्टीनं दाबायचं अजिबात नाही. दाबलं की कातडी खाली जाते आणि आपण आपल्याच बोटाचं माप घेतो. थर तीन-चार मिलिमीटरचा. तो ओला असतानाच वर गॉजचा तुकडा अलगद टेकवला, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग त्या गॉजवर हाडं बसवणाऱ्या विभागातून मागून आणलेली फायबर पट्टी. नुसतं सिलिकॉन रबरासारखं लवचीक असतं, हातावरून काढलं की सरळ होतं आणि जी गोलाई टिपायला एवढा खटाटोप केला तीच जाते. पाठीला कडक पट्टी असली की आकार धरून राहतो. तोंडात माप घेताना ट्रे जे काम करतो, ते इथे ही पट्टी करते.

घट्ट व्हायला पाच-सहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात पट्टीच्या पाठीवर मार्करनं बाण काढून "मनगट" आणि "अंगठा" लिहिलं, नोंदीचा क्रमांक, तारीख, वेळ, सही. बाण काढायचा राहिला तर नंतर टेबलावर ते माप कुठल्या बाजूनं धरायचं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि समोरच्या वकिलाला तेवढं पुरतं. काढताना एक कड सोडवून हळूच उचललं. एक खपली निघून सिलिकॉनला चिकटली, ती तशीच राहू दिली आणि तसं नोंदवलं.

अ‍ॅडिशन सिलिकॉनमधून घट्ट झाल्यावरही थोडा हायड्रोजन सुटत राहतो. त्या मापात लगेच डेंटल स्टोन, म्हणजे साचा करायचं कडक प्लास्टर, ओतला तर साच्यावर बारीक भोकं पडतात, आणि चाव्याच्या साच्यावर भोक म्हणजे दाताची खूण की बुडबुडा, असा नसता वाद. तासभर थांबून डाय स्टोन, त्याचाच जास्त कडक प्रकार, ओतला.

साच्यानं एक गोष्ट स्पष्ट केली. फोटोत वरची कमान जवळजवळ सरळ रेषेसारखी दिसत होती, कारण ती हाताच्या अंगठ्याकडच्या उतरत्या कडेवर होती आणि कॅमेऱ्याला ती चपटी दिसत होती. साच्यावर ती व्यवस्थित वळणदार निघाली. सुळ्यांमधलं अंतर दोन्हीकडे 34 मिलिमीटर. ते हाताच्या लांबीच्या दिशेनं होतं, त्यामुळे तिथे गोलाईचा त्रास नव्हता. नुसत्या फोटोवरून कुणी म्हणालं असतं, चावणाऱ्याचे पुढचे दात एका ओळीत सपाट आहेत. आणि एखाद्या सपाट दातांच्या माणसावर बालंट आलं असतं.

स्वतःचा चावा असा बसेल का?

वरची कमान कुठली आणि खालची कुठली, हे दातांच्या रुंदीवरून कळतं. वरचे मधले दोन पटाशीचे दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद, त्यांच्या शेजारचे साडेसहा-सात. खालचे चारही पाच-साडेपाचच्या आसपास. या खुणेत अंगठ्याकडच्या कमानीत मधे दोन रुंद चपट्या खुणा होत्या. म्हणजे वरचे दात अंगठ्याच्या बाजूला, खालचे करंगळीच्या बाजूला.

आता वाचकांनी स्वतःचा डावा हात छातीसमोर आडवा धरावा, अंगठा वर, हाताची पाठ समोरच्याकडे. समोरचा माणूस पुढे येऊन चावला तर त्याचे वरचे दात कुठे लागतील? अंगठ्याकडे. आता त्याच जागी, हाताच्या बाहेरच्या अंगाला, स्वतःच चावून पाहावं. हाताची पाठ तोंडाकडे आणायला मनगट फिरवावं लागतं, करंगळीची बाजू वर किंवा पुढे जाते, आणि वरचे दात करंगळीकडे लागतात. अंगठ्याकडे वरचे दात यावेत असा चावा स्वतःला घेणं अशक्य नाही, पण त्यासाठी खांदा आणि मान इतकी पिळावी लागते की दात नीट रुततच नाहीत. मी तिलाही करून दाखवायला सांगितलं, न चावता. तिला तोंड तिथवर नेता आलं, पण दोन्ही कमानी एका वेळी टेकवता आल्या नाहीत.

एवढ्यावर निकाल देत नाहीत. झटापटीत हात कसाही वळलेला असू शकतो. म्हणून तिच्याही दातांचं माप घेतलं. तिच्या वरच्या मधल्या दोन दातांत सुमारे तीन मिलिमीटरची फट आहे, बोलताना दिसते एवढी. खुणेत ते दोन दात एकमेकांना खेटून आलेले. फट एकटी असती तर मी "अनिर्णित" लिहिलं असतं, कारण कातडी आवळली तर फट बुजल्यासारखी दिसू शकते. फट, दिशा आणि कमानीचा आकार तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते. हा चावा तिचा स्वतःचा नाही, हे मी अहवालात ठामपणे लिहिलं.

दीर आणि जाऊ

संशयिताच्या दातांचं माप कोणत्या अधिकारात घ्यायचं, हा कायद्याचा प्रश्न दंतवैद्यांना माहीत असायला हवा आणि बहुतेकांना नसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 51 नुसार अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी पोलिसांच्या विनंतीवरून करता येते. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 53 होतं. पण त्यातला "नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी" म्हणजे वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. दंतवैद्याचं नाव वेगळ्या नोंदवहीत असतं. स्त्रीची तपासणी तर स्त्री डॉक्टरनं किंवा तिच्या देखरेखीखालीच व्हावी लागते. म्हणून माप मी घेतलं, पण महिला वैद्यकीय अधिकारी खोलीत हजर, तपासणीचा कागद त्यांच्या सहीचा, आणि दोघांचीही लेखी संमती, तीही मराठीत. दिरांच्या वकिलांनी सुरुवातीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होते असा मुद्दा काढला होता. सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात बोटांचे ठसे वगैरे देणं ही "साक्ष" होत नाही असं सांगितलं आहे. दातांच्या मापालाही तोच तर्क लागतो. मुद्दा त्यांनी पुढे ताणला नाही.

जावेचं काम पाच मिनिटांत संपलं. खालचे पुढचे चारही दात नव्हते. हिरड्या पूर्ण भरून आलेल्या, हाड झिजून सपाट, म्हणजे दात जाऊन वर्षं झालेली. कवळी कधीच केलेली नाही. खुणेत खालच्या चार दातांच्या चार खपल्या होत्या. जाऊ वगळली गेली.

दिरांच्या तोंडात गुंता होता. वरचा डावा, मधल्याच्या शेजारचा पटाशीचा दात नाही. त्या जागी काढता-घालता अ‍ॅक्रिलिकचा एकच दात, टाळूला चिकटणाऱ्या पातळ प्लेटवर. खुणेत वरच्या कमानीत नेमक्या त्याच जागी, मनगटाकडच्या अंगाला, मधे रिकामी जागा होती. (समोरून चावणाऱ्याची डावी बाजू तिच्या मनगटाकडे येते. पारदर्शक कागदावर दातांच्या कडा काढून खुणेवर ठेवताना कागद उलटा पडला की डावं-उजवं बदलतं, त्यामुळे हे आधी हातावर पाहून घेतलं.)

फौजदार साहेबांनी साचा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "झालं की ओ डॉक्टर! दात नाही तिथं खूण नाही. आणखी काय पाहिजे?"

त्यांचं हे वाक्य ऐकायला चोख वाटतं, पण ते एकाच बाजूनं खरं आहे. खूण आहे आणि माणसाला तिथे दात नाही, तर तो माणूस सुटला. जाऊ तशीच सुटली. खूण नाही आणि माणसाला दात नाही, तर मात्र तो अडकत नाही. कारण खूण न उमटायला दात नसणं हे एकच कारण नसतं. दात जरा आत असेल, कडेनं झिजलेला असेल, जबडा तिरका बसला असेल, मधे साडीचा पदर आला असेल, तर सगळे दात शाबूत असलेल्या माणसाचीही खूण अशीच अर्धवट उमटते. पंचवीस घरांच्या वाडीत मधल्याच्या शेजारचा दात जरा आखूड असलेले चार जण तरी निघतील.

शिवाय ती प्लेट. त्या संध्याकाळी ती तोंडात होती की नव्हती? दीर म्हणाले, झोपताना सोडून कायम घालतो. ती तोंडात असेल तर तिथे खूण उमटायला हवी होती, म्हणजे ही गोष्ट त्यांच्या बाजूनं जाते. काढून ठेवली असेल तर उलट. म्हणून त्यांच्या वरच्या जबड्याची दोन मापं घेतली, प्लेटसह आणि प्लेटशिवाय, आणि मेणाच्या पातळ पत्र्यावर दोन्ही तऱ्हेनं चावून घेतलं. प्लेटसह चावल्यावर अ‍ॅक्रिलिकच्या दाताची खूण शेजारच्यांइतकीच खोल उमटली. साचे पट्टीसह स्कॅनरवर पालथे ठेवून मूळ आकारात कडा काढल्या आणि त्या चाव्याच्या फोटोवर आणि साच्यावर ताडून पाहिल्या. प्लेटशिवायची वरची कमान बसत होती. खालचीही ढोबळमानानं बसत होती, पण त्यांचा खालचा उजवा सुळा जरा फिरलेला आहे आणि खुणेत त्या जागी नुसता गोल ठिपका होता. ना धड जुळणारा, ना धड न जुळणारा.

अहवाल

न्यायालयाच्या आवारात या विषयावर दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. सरकारी बाजू धारवाडचं नाव घेते. 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणात चाव्यांचे फोटो आणि आरोपींच्या दातांचे साचे धारवाडच्या एसडीएम दंत महाविद्यालयात तपासले गेले, आणि 5 मे 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो पुरावा ग्राह्य धरला. हे खरं आहे, आणि आमच्या भागाला त्याचा अभिमानही आहे. पण तिथे तो पुरावा एकटा उभा नव्हता. डीएनए होता, जबान्या होत्या.

बचाव पक्ष दुसरी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात रे क्रोन नावाच्या माणसाला 1992 मध्ये मुख्यतः चाव्याच्या खुणेवरून खुनासाठी दोषी ठरवलं गेलं, फाशी सुनावली गेली, आणि 2002 मध्ये डीएनएमुळे तो निर्दोष सुटला. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं 2009 मध्ये आणि एनआयएसटी या मानक संस्थेनं 2022 च्या मसुद्यात या विद्येच्या पायावरच बोट ठेवलं: प्रत्येकाच्या पुढच्या दातांची ठेवण एकमेव असते हे सिद्ध झालेलं नाही, असली तरी कातडीवर ती तंतोतंत उमटत नाही, आणि तज्ज्ञांचं आपसात एकमत होत नाही. एबीएफओनं स्वतः 2016 मध्ये आपली निष्कर्षांची भाषा आखडती घेतली. "यानंच चावलं" म्हणणं गेलं. उरले तीन पर्याय: वगळलं, वगळता येत नाही, अनिर्णित.

मी लिहिलेली वाक्यं अशी: जखमी स्वतः: वगळलं. जाऊ: वगळलं. दीर: प्लेट तोंडात नसल्यास वगळता येत नाही, प्लेट तोंडात असल्यास अनिर्णित. त्याखाली एक ओळ मुद्दाम घातली: "वगळता येत नाही याचा अर्थ चावा त्यांचाच आहे असा होत नाही." फौजदार साहेबांना ही ओळ नको होती. ती काढली असती तर उरलेल्या अहवालाचा अर्थच बदलला असता, म्हणून ती राहिली. "असूंदे," म्हणाले ते, पण कागद घेताना हसले नाहीत.

पुढे

गुन्हा सुरुवातीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 खाली नोंदवला होता, म्हणजे घातक हत्यारानं किंवा साधनानं इजा. दात हे हत्यार होतं का? शकील अहमद प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुन्या दंड संहितेच्या कलम 326 च्या संदर्भात माणसाचे दात घातक हत्यार ठरत नाहीत असं म्हटलं आहे. त्याच आधारावर इथे कलम बदलून साध्या दुखापतीचं, 115(2), राहिलं. याचा परिणाम माझ्या सगळ्या साच्यांपेक्षा मोठा झाला. साध्या दुखापतीचा गुन्हा जखमीच्या संमतीनं मिटवता येतो. 118 असतं तर तो मार्ग नव्हता.

दोन्ही वकिलांनी माझा अहवाल आपापल्या बाजूनं वाचला. तिच्या वकिलांनी पहिलं वाक्य धरलं: बाई खोटं बोलत नाही, चावा स्वतःचा नाही. दिरांच्या वकिलांनी खालची मुद्दाम घातलेली ओळ. दोघंही बरोबर होते आणि त्यामुळे दोघांनाही तडजोडीला बसायला तोंड राहिलं. तिला "स्वतःच चावून घेतलं" हा डाग नको होता, तो पुसला गेला. दिरांना "चावला" हा शिक्का नको होता, तो बसला नाही. गावच्या पंचांनी भूमापन खात्याकडे अर्ज करायला लावला, मोजणी झाली, दगड रोवले.

मला साक्षीला बोलावणं आलंच नाही. तडजोडीच्या कागदाची प्रत वकिलांनी दाखवली. दोन पानं आहेत. चाव्याचा उल्लेख कुठेही नाही. बांधाची रुंदी मात्र इंचात लिहिली आहे.